दातांच्या दवाखान्यातली लाजाळू

माणसाला शांत करणं हा निव्वळ इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, असं आमोदचं ठाम मत होतं. त्यासाठी आठ महिने खपून त्यानं चाळीस पानांची यांत्रिक लाजाळू बनवली आणि वारज्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात, पेशंट जिथे घाबरून बसतात तिथल्या भिंतीवर लावली. शांतता असली की पानं उलगडायची, आवाज झाला की मिटायची. डॉक्टर अपूर्वांनी दुपारी एकपर्यंत मुदत दिली होती. तोवर पेशंट शांत झाले तर लाजाळू कायमची राहणार, नाहीतर तिथे टूथपेस्टचं पोस्टर.

दहाला पानं उलगडली. दहा वाजून एक मिनिटानं कुसुमताई शिंकल्या आणि पानं मिटली. निवृत्त मुख्याध्यापक बाळकाकांनी तत्काळ चौकशी लावली. शिंक आपली नव्हतीच, शेजारच्यांची होती, असं कुसुमताईंचं म्हणणं पडलं. शेजारच्यांनी साक्षीदार मागितले. शांतता कोणी मोडली यावर असा काही वाद रंगला की पानं मिटून टांगलेल्या छत्र्यांसारखी लोंबू लागली. आमोद समजवायला उठला, तर त्याच्या आवाजानं उघडी उरलेली दोन पानंही मिटली.

अखेर बाळकाकांनी छडी नसतानाही वर्ग ताब्यात घेतला. सगळे चिडीचूप. पानं उलगडू लागली, माणसं कौतुकानं बघू लागली, आणि आतून दात कोरायचं मशीन किरकिरलं. झप्प! चाळीसच्या चाळीस बंद!

बाळकाकांनी दार ठोठावलं.

"अहो डॉक्टर, हे आपलं काम नंतर नाही का करता येणार? बाहेर झाड आहे."

त्यानंतर आत जायला कोणी तयारच होईना. नंबर पुकारला की माणूस पानांकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवी. सुजल्या गालांची मंडळी पारावर बसल्यासारखी निवांत बसून राहिली.

एक वाजता डॉक्टर बाहेर आल्या.

"मॅडम, शांत झाले," आमोद कुजबुजला. छाती मात्र अभिमानानं फुगली होती.

"झाले खरे. लाजाळू राहील," डॉक्टर म्हणाल्या. "पण सकाळपासून एकच दात झालाय माझा. आता कोणीतरी आत येऊन दाखवा, म्हणजे बाकीचे येतील."

सगळा हॉल आमोदकडे बघू लागला. जिंकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तो नवरदेवाच्या दिमाखात आत गेला, खुर्चीत रेलला आणि त्यानं तोंड उघडलं. कीड नेमकी अक्कलदाढेला निघाली.

थोड्याच वेळात बाहेर चाळीसही पानं एकदम मिटली आणि दारावर टकटक झाली.

"अहो कलाकार," बाळकाका बाहेरून म्हणाले, "कोणीतरी एवढ्या कष्टानं बनवलंय ते. थोडी तरी कदर करा."