हुसेनचाचांचं पायडल

हुसेनचाचा कुणाकडेही गेले की आधी लोखंडाची विचारपूस करायचे, मग माणसांची. दिसेल त्या तुकड्यावर टिचकी मारायची, कान लावायचा आणि जाहीर करायचं, "बीड आहे, ओतीव लोखंड. आपलंच असणार!"

मिरकरवाड्यातल्या त्यांच्या वर्कशॉपात वडिलांच्या वेळचा, लोखंड कातायचा विलायती लेथ होता. पूर्वी तो शिवणयंत्रासारखा पायाने चालायचा. वीज आल्यावर मोटर बसली आणि पायडल भंगारात गेलं. तेच त्यांना परत हवं होतं. मोटर ठणठणीत असताना!

"चाचा, हा शुद्ध वेडेपणा आहे," मी म्हटलं.

"तू तुझ्या सभांची पत्रकं वाट गो बाय. मी भंगार बघतो."

कोकण रेल्वे तेव्हा नवी कोरी होती, पण चाचांचा तिच्यावर बहिष्कार. "बोगद्यात काय दिसणार? एसटीतून लोकांची अंगणं दिसतात." पायडल शोधत हेदवी झालं, दापोली झालं. मिळालं काय? एका आजीच्या शिव्या. तिच्या लोणच्यावरचं वजन उचलून बघितलं म्हणून.

मग एकदा चिपळूणला उघड्या गटारांविरुद्ध माझी सभा होती. चाचा सोबत आले. मी ऐन भरात बोलत असताना हे समोरच्या गटारावर ओणवे. टिचकी. कान.

"आपलंच! हा बघ पितळेचा जोड, माझ्या बापाने भरलेला!"

अख्ख्या आळीत झाकलेलं ते एकच गटार, तेही दुकानदारांनी स्वतः, याच पायडलने झाकलेलं! "याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे," मी कडाडले.

"हात नाही लावत. आधी जाळ्या आणतो."

आणि आणल्या. एक नव्हे, आळीभर! आमच्या निवेदनांच्या गठ्ठ्याने जे झालं नाही, ते चाचांनी एका टेम्पोत करून दाखवलं. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. पायडल मांडीवर घेऊन चाचा नवरदेवासारखे एसटीत बसले.

ते लेथला बसवल्यावर चाचांनी मोटरचा पट्टा काढला, आत गेले आणि जैबुनचाचींना खुर्चीसकट उचलून आणलं. आजारपणाने त्यांच्या पायांतली ताकद गेली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं हा लेथ त्यांनीच पायाने चालवला होता, चाचा फक्त हत्यार धरायचे, हे मला तेव्हा कळलं.

चाचांनी त्यांची पावलं पायडलवर ठेवली आणि खालचं मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागले. पावलं वर-खाली होऊ लागली.

"हत्यार नीट धरा हां," चाची म्हणाल्या. "मी जोरात चालवत्येय."