चांदण्यातला कंदील

पौर्णिमेचं टिपूर चांदणं पडलेलं असावं, रस्त्यात सांडलेली मोहरी वेचता यावी, आणि अशा वेळी समोरून एक गृहस्थ पेटता कंदील घेऊन यावा! तोही पायांशी धरलेला नाही, थेट गालाशी. ठाण्यात नवा आलेला माणूस हे ध्यान पाहून रामनाम घ्यायला लागायचा. आम्ही जुने लोक नुसतं म्हणायचो, "अप्पाजीपंत कचेरीतून निघाले."

अप्पाजीपंत म्हणजे कलेक्टर कचेरीतले हिशेबतपासनीस. जिल्ह्यातल्या नगरपालिकांचे वर्षाचे हिशेब तपासणं हे त्यांचं काम आणि छळणं हा स्वभाव. मी नगरपालिकेत कारकून, म्हणजे छळ सोसायला नेमलेला. कागदावर पंतांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर गाढवही घोडा असतं. दाखवा!" एवढं म्हणून ते छत्री उचलायचे. झाडू घेतले असं लिहिलंय? झाडू दाखवा. झिजले? मग खुंट दाखवा. खाडीपलीकडच्या एका नगरपालिकेनं कचरागाडीचा बैल मेला म्हणून लिहिलं, तर म्हणाले शिंगं दाखवा. तिथल्या बिचाऱ्या कारकुनानं कुठूनशी बोकडाची शिंगं पैदा केली. पंतांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "आजारात फारच रोडावला होता हो बैल!"

त्या वर्षी आमच्याकडे घासलेटाचा खर्च जास्त निघाला. रस्त्यावरचे दिवे अंधाऱ्या रात्री लावायचे, चांदण्या रात्री लावायचे नाहीत, ही तेव्हाची रीत. चंद्र फुकट, घासलेट विकत! पंतांनी हिशेबाशेजारी पंचांग ठेवलं आणि बोट नाचवत म्हणाले, "कुठला तरी दिवा चांदण्यातही जळतोय. तो दाखवा. लावणाऱ्याला घरी बसवतो."

दिवे लावणारा आमचा धाकू. मिठागरात राबून पाय कामातून गेले म्हणून या नोकरीवर आलेला, घरात खाणारी तोंडं ढीगभर. ही गेली तर दुसरं काम कोण देणार? मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर हात जोडून म्हणतो, "दादा, मना इचारू नका. साहेबांना सांगा, धाकूनं घासलेट प्यायलं." पोटावर पाय यायची वेळ, तरी गडी तोंड उघडेना.

पुढच्या चांदण्या संध्याकाळी पंत मला घेऊन निघाले. टेंभी नाक्यावर दिवा नाही, चेंदणीत नाही. चोर सापडत नाही म्हणून पंत चिडलेले, आणि माझे पाय दुखून आलेले. शेवटी नौपाड्याच्या वळणावर ते थबकले. एका घरासमोर दिवा झकास जळत होता. घर पंतांचंच! रोज त्याच उजेडात चपला काढून आत जायचे. पण जगाला 'दाखवा' म्हणणाऱ्याला स्वतःच्या दारातला दिवा काही दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मला हसू आवरेना.

ओट्यावर पंतांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंतांनी दिव्याबद्दल विचारताच म्हणाल्या, "धाकूवर रागावू नका. मीच सांगितलं त्याला. चांदण्यात मला सगळी माणसं सारखीच दिसतात हो. मागे तुम्ही समजून गुरवाला पाय धुवायला पाणी दिलं! घरात आपण दोघंच. दिवसभर मी एकटी. येताना तुमचं तोंड दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो."

पंतांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मला वाटलं, विरघळले. कसले विरघळतायत! दुसऱ्या दिवशी शेरा लिहिला: नगरपालिकेच्या तेलाचा खासगी वापर, वापरणारा खुद्द हिशेबतपासनीस, वसुली त्याच्याकडूनच व्हावी. धाकूची नोकरी वाचली, पण चांदण्यातला तो दिवा बंद झाला. मला असा संताप आला!

"पंत, एक दिवा हो! काकूंनी काय करायचं?"

"दिवा गावाचा आहे," पंत म्हणाले. "बायको माझी आहे."

त्याच संध्याकाळी ते बाजारातून कंदील घेऊन आले. मी मुद्दाम मागोमाग गेलो. वळणावर त्यांनी वात मोठी केली आणि कंदील गालाशी धरला. रस्त्यातली माणसं खुदखुदत होती. पंतांचे कान लाल झाले होते, पण हात खाली आला नाही.

"थांबा, तिथंच थांबा जरा," ओट्यावरून काकू म्हणाल्या.

पंत भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, गुपचूप उभे राहिले.

"हं, दिसलात," काकू म्हणाल्या. "या आता."