हरभऱ्याची पेरणी आणि माझं निदान

ते साल नक्की कोणतं, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. तारामती, म्हणजे आमची सौ., म्हणते लॉकडाऊनच्या आधीचं. मी म्हणतो नंतरचं. (म्हणजे आधीचंच असणार.)

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उभा जन्म पोरांना इंजिन शिकवून मी निवृत्त झालो आणि औशाजवळ तिच्या माहेरच्या शेतावर राहायला आलो. शिकवलं ते फळ्यावर. खऱ्या इंजिनाजवळ गेलो की ते आपलीच परीक्षा घेईल, अशी धास्ती वाटते.

त्या दिवशी हरभरा पेरायचा होता. पेरणी यंत्र शेजारच्या मल्लिकार्जुनचं. दिवस मावळला की ते त्याच्या रानात जाणार, आणि पुन्हा आमची पाळी येईपर्यंत जमिनीतली ओल उडालेली असणार. तारामतीने बजावलं, "तुम्ही घरीच थांबा." पण घरी बसून काळजी करण्यापेक्षा बांधावर उभं राहून केलेली बरी, असं ठरवून मी छत्री घेऊन निघालो.

गावातला ट्रॅक्टरवाला मकबूल पेरत पेरत माझ्या बाजूला आला. मी कौतुकाने हात वर केला. इंजिन बंद पडलं.

मकबूल वरूनच म्हणाला, "जी सर?"

इंजिन बंद पडल्यावर कोणी असं विचारलं, तर मी गप्प कसा बसणार? म्हणालो, "डिझेलच्या नळीत हवा शिरली असणार." मग ती का शिरते, तेही सांगितलं. मकबूलने सगळं ऐकलं, "हाव सर" म्हणाला आणि चावी फिरवली. चालू झालं. मलाच नवल वाटलं.

पुढच्या फेरीला धीर द्यायला पुन्हा हात केला. पुन्हा बंद. आता मी फिल्टरवर आलो. त्यानंतर टाकीच्या झाकणावर. झाकण उघडून झालं, फिल्टर सोडून झाला, नळ्या फुंकून झाल्या. (फुंकल्या मकबूलने. मी तत्त्व सांगितलं.) ऊन कललं, तरी निम्मं रान तसंच.

शेवटी तारामती बियाण्याची पाटी ठेवून आली. मकबूलशी काहीतरी बोलली आणि माझ्याकडे वळली.

"तुमच्याच बांधाला बंद पडून राहिलंय. त्या टोकाला न्हाई पडत."

"इकडे उतार आहे. टाकीतलं डिझेल एका बाजूला..."

"घरी जाऊन च्या ठेवा."

"अगं, बिघाड सापडला नाही अजून."

"सापडलाय. जावा तुम्ही."

मी गेलो. दिवस मावळायच्या आत पेरणी उरकली. फिल्टर साफ केल्याचा असा उपयोग होतो, हे मी त्यानंतर कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत आलो.

गेल्या वर्षी मकबूलच्या मुलीच्या, नाजियाच्या लग्नात त्याच्या शेजारी बसलो होतो. सहज विचारलं, "ट्रॅक्टर आता त्रास देतो का रे?"

"कंदीच दिला न्हाई, सर." तो अवघडला. "तुम्ही हात केला की मीच बंद करायचो. बुजुर्ग माणूस बोलावून राहिला आन् आपण इंजिन धडधडत ठेवायचं, बरं दिसतं का?"

"मी बोलावत नव्हतो रे. आणि मग सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. तुम्ही हवेचं सांगायला लागलात. मधी कसं बोलावं?"

घरी आल्यावर तारामतीकडून खात्री करून घेतली. तिला हे त्याच दिवशी कळलं होतं, आणि दोन दिवसांत गावाला. मल्लिकार्जुन दरवर्षी आपल्या पेरणीच्या सकाळी स्वतः रिक्षा सांगून मला औशाला चहाला पाठवतो, ते का, हेही तिने सांगितलं. मी त्याला आदरातिथ्य समजत होतो.