अध्यक्षांचे मेल कुठे गेले

गुलाबप्रेमी मंडळाचा ईमेल सर्व्हर मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांना खेटून एका स्टुलावर बसलेला असे. त्याचं व्हर्जन इतकं जुनं झालं होतं की बनवणाऱ्यांनीच त्याच्यावरून हात काढून घेतला होता. मध्येच दम लागल्यासारखा तो घरघरायचा, एखादा मेल दोनदा पाठवायचा, एखादा गिळून टाकायचा. वार्षिक प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं तसा चिटणीसबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी धाकट्या दिराला साकडं घातलं. दीर एका कंपनीत हेच काम करायचा, आणि वहिनीच्या हातचं जेवण मिळणार असेल तर रविवारी कुठेही यायला तयार असायचा.

त्याप्रमाणे तो आला. सगळ्यांच्या जुन्या मेलची आधी नक्कल काढून ठेवली, नवं व्हर्जन चढवलं, मेल त्यात भरले, पंख्यातून मूठभर खत झाडून काढलं आणि संध्याकाळी हात झटकत उठला.

"झालं वहिनी. आता हा तुम्हाला त्रास द्यायचा नाही."

निघताना त्याने पडद्यावरचं एक नवं बटण दाखवलं. त्यावर इवलासा झाडू काढला होता. ते कशासाठी आहे हेही त्याने सांगितलं, पण बाई तेव्हा दाराच्या कुलपाशी झटापट करत होत्या. त्यांनी नुसतं "हं, हं" केलं.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना सर म्हणत. सरांना पहाटे जाग येई आणि जाग आली की ते मेल पाठवत. अक्षरं लाल, विषय 'अत्यंत तातडीचे', पुढे उद्गारचिन्हांची रांग, आणि प्रत्येक मेल झाडून सगळ्या सभासदांना. सकाळची सूचना दुपारी रद्द होई, दुपारची संध्याकाळी. मधल्या वेळात सभासद आपापले आक्षेप कळवत आणि सर प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देत. यंदा प्रदर्शनाच्या दिवशी सरांची मुदत संपणार होती. त्या दिवसाकडे सगळेच डोळे लावून बसले होते, बाई जरा जास्तच.

सोमवारी चहा निवायच्या आत सरांचे पाच मेल आले. बाईंना झाडू आठवला. झाडू म्हणजे आवरून बाजूला ठेवणं असणार, अशा समजुतीने त्यांनी पाचही मेलवर तो दाबला. मेल दिसेनासे झाले. ओल्या फडक्याने टेबल पुसल्यासारखं त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी मेल आला नाही. बुधवारीही नाही. सर आजारी तर नाहीत ना, अशी बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण सर बागेत भेटले ते ठणठणीत होते, कलमं छाटत शीळ घालत होते. तयारी कशी चाललीय असं त्यांनी विचारलं, बाई छान म्हणाल्या, सरही छान म्हणाले. आणि खरोखरच छान चाललं होतं. सभागृह ठरलं ते ठरलेलंच राहिलं. परीक्षक बोलावले ते तेच राहिले. टेबलं एकदा मांडली ती पुन्हा हलली नाहीत. खजिनदार, जे एरवी या दिवसांत कोणाशी धड बोलत नसत, ते बाईंना म्हणाले की सर फार बदललेत हो, माणूस जाता जाता सुधारला.

प्रदर्शनाच्या आदल्या शुक्रवारी ट्रॉफीवाल्याचा फोन आला. नावांचा नमुना पाठवून तीन दिवस झाले, तुमचं उत्तर नाही, जरा जंकमध्ये, त्या नकोशा मेलच्या कप्प्यात, बघा. बाईंनी पहिल्यांदाच ते जंक उघडलं. पडदा वरपासून खालपर्यंत लाल होता.

सर एक दिवसही गप्प बसले नव्हते. प्रदर्शन सभागृहातून शाळेच्या व्यायामशाळेत हलवा. नको, बागेतच मांडव घाला. मांडव नको, सभागृहच बरं. परीक्षक बदला. परीक्षक ठेवा, पिवळ्या गुलाबांचं टेबल बदला. टेबल होतं तिथेच राहू द्या. बाई घाम पुसत वाचत गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की सरांनी आपल्याच सूचना स्वतःच पुसत आणल्यात. फक्त काल रात्रीचा मेल तसाच उभा होता. उद्घाटन दहाऐवजी नऊला, सर्वांनी वेळेवर हजर राहावे.

बाईंनी दिराला फोन लावला. "भाऊजी, सरांचे सगळे मेल जंकमध्ये पडलेत."

"मग कोणीतरी झाडू दाबला असणार. नव्या व्हर्जनचा तोच तर गुण आहे, वहिनी. ते शिकतं."

"काय शिकतं?"

"लोकांना काय नकोय ते. तिघाचौघांनी दाबला की त्याला कळतं. मग ते सगळ्यांच्याच जंकमध्ये टाकायला लागतं."

कोणी दाबला ते दिसतं का, असं बाईंनी जपून विचारलं. दिराने बघून सांगितलं. एक खजिनदार. एक तुम्ही.

"आणि सगळ्यात आधी, रविवारीच, सरांच्या मिसेस."

आता सगळ्यांना नऊची वेळ कळवायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर आधी सरांना सांगायला हवं. बाई संध्याकाळी मनाचा हिय्या करून सरांच्या घरी गेल्या. सर भाषण लिहीत होते. त्यांच्या मिसेस, काकू, चहा ठेवायला आत गेल्या.

"सर, ते मेलचं जरा…"

"तेच म्हणतो मी," सर म्हणाले. "इतकी वर्षं मी एक सूचना दिली की तिला पन्नास फाटे फुटायचे. या वेळी मी जागा तीनदा बदलली, कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांना शिस्त लागली, बाई."

"पण उद्घाटन नऊला आहे ना?"

"छे. आपले लोक तासभर उशिरा येतात. नऊ लिहिलं की दहाला बरोबर जमतात. मीही दहालाच येणार."

बाईंच्या जिवात जीव आला. तो फार वेळ राहिला नाही.

"अशी माणसं सोडून जाववत नाही," सर भारावून म्हणाले. "मी आणखी तीन वर्षं राहायचं ठरवलंय. दुपारी सगळ्यांना तसा मेल केला. अजून एकाचाही विरोध आलेला नाही."

चहा घाईने संपवून बाई उठल्या. काकू फाटकापर्यंत पोचवायला आल्या. बाई हळूच म्हणाल्या, "काकू, तो मेल कोणाला पोचलेलाच नाही. मी आत्ता आत जाऊन सगळं सांगते."

"सांगू नका."

"अहो, पण आणखी तीन वर्षं?"

"तुम्हाला ते लिहून कळवतात," काकू म्हणाल्या. "घरी बसले तर मला तोंडी सांगतील."

रविवारी दहाला सभागृह गच्च भरलं. सरांनी आपला निर्णय जाहीर केला तेव्हा सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. पण गेले दोन आठवडे इतके सुखाचे गेले होते की हरकत घ्यावी असं कोणालाच वाटेना. खजिनदारांनी तर उभं राहून अनुमोदन दिलं. बाईंनी तोंड उघडलं, पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंकडे पाहिलं, आणि मिटलं.

सरांची निवड एकमताने झाली. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी काकू वाजवतच होत्या.