ट्रिमला हात लावायचा न्हाय!

रिमोटवरच्या ट्रिमच्या बटणाला नुसतं बोट लावलंत, तरी आमचे शेजारी जनादादा तापलेली सोल्डरिंग गन घेऊन उठतात. पनवेलहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरला त्यांनी असा पार गेटपर्यंत पळवला होता.

रिमोटवर पळणारी रेसची छोटी गाडी एका बाजूला ओढायला लागली की ट्रिम दाबून ती वरवर सरळ करता येते. दादांच्या मते ही चोरी. "दुखनं सर्वोत हाय नि औषध रिमोटला? व्वा रं शाने!" सर्वो म्हणजे चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर. आमच्या उरणकडे या गाड्यांच्या रेस बंद पडलेल्या मिठागरात होतात. तिथली खारी धूळ सर्वोत शिरली की गाडी भलतीकडेच तोंड फिरवते आणि मालक नाक मुठीत धरून दादांच्या पडवीत हजर होतो. दादांचा जन्म बंदरावर ट्रेलरची स्टिअरिंगं दुरुस्त करण्यात गेलेला. ते सर्वो खोलतात, दाते पुसतात, मोटर मधोमध आणून चाकं जुळवतात. सोबत मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार फुकट.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरातली लाल गाडी सोडली की थेट उजवीकडच्या कपाटावर आपटायची! मला तर आयतं कोलीत मिळालं.

"काय दादा, घरातलीच गाडी वाकडी?"

दादा चिडले नाहीत. "ती तुज्या वैनीची हाय," एवढंच म्हणाले.

वैनींचं उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की त्या डाव्या हाताने रिमोट चालवायच्या. गाडी खाटेपासून निघून उंबऱ्यावर टाकलेल्या फळीवरून पडवीत यायची आणि दादांच्या पायाला धडकायची. "आलो गं!" म्हणत दादा हातातलं टाकून उठायचे. वैनींचा अंगठा सारखा डावीकडे ओढायचा, म्हणून दादा रोज सकाळी गाडी तेवढी उजवीकडे वाकडी लावून ठेवायचे. चक्क ट्रिमने! वैनींच्या हातात ती सुतासारखी सरळ यायची.

एका दुपारी गाडी आलीच नाही. दादा कुणाच्या तरी सर्वोत डोकं घालून बसले होते. बऱ्याच वेळाने आत गेले, तर गाडी कपाटाला नाक लावून उभी आणि चाकं गरगर फिरतायत. वैनी गेल्या होत्या, रिमोट हाताखाली दाबलेला. शेवटी अंगठ्यात डावीकडे ओढण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

"ती बोलावत व्हती रं, नि मी लोकांची चाकं सरळ करीत बसलो," हे दादा येईल त्याला सांगत राहिले.

तेराव्यानंतर ती गाडी खाटेजवळ तशीच पडलेली दिसली. मला बघवेना. पडवीत दादांच्या शेजारी रिमोट होता, तो उचलून मी म्हटलं, "दादा, आता ट्रिम सरळ करू?"

"हात लावू नको!"

त्यांनी रिमोट हिसकावला, डाव्या हातात धरला आणि अंगठा वैनींसारखा डावीकडे ओढला. आत घरघर झाली. लाल गाडी कपाट टाळून, उंबऱ्यावरच्या फळीवरून सरळ पडवीत आली आणि दादांच्या पायाला धडकली.

"आलो गं!" दादा म्हणाले, आणि उठून आत गेले.