स्थिर इंजिनाचा विक्रम

बेचाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचलेल्या माणसाच्या हातून चूक होत नाही, असं मेहुण्याला बजावून खिळेमास्तरांनी टेबलावर गाडीचा नकाशा पसरला.

खिळेमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. छापखान्यात उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून पडलेलं. मोटार मंडळाचं विक्रमांचं वार्षिक पुस्तक सदतीस वर्षं तेच जुळवत होते. चालक, इंजिन, वजन, वेग असे चार रकाने. लोकांनी गाड्यांना काय काय जोडलं होतं! कुणी विमानाचं इंजिन, कुणी आगीच्या बंबाचा पंप, एकाने तर धुलाई कारखान्यातला वाफेचा बॉयलर. त्या सगळ्यांची नावं मास्तरांच्या बोटांखालून गेली. त्यांचं स्वतःचं मात्र कुठल्याच पानावर नव्हतं. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असे, जुळवणाऱ्याचं नसे. आणि यंदाचं पुस्तक हाताने जुळवलेलं शेवटचं. पुढच्या वर्षापासून काम संगणकावर जाणार होतं.

पुस्तकात ‘स्थिर इंजिन’ असा एक वर्ग होता. स्थिर म्हणजे जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं, जन्मात जागचं न हललेलं. असलं इंजिन गाडीवर चढवून धावायचं, हा वर्ग कुणी कुठल्या भरात काढला कोण जाणे. त्याच्यापुढे सदतीस वर्षं एक आडवी रेघ होती, आणि ती दरवर्षी मास्तर स्वतः बसवत. छापखान्याच्या मागच्या खोलीत तसलंच एक तेलाचं इंजिन होतं. वीज गेली की ते यंत्र फिरवी. आवाज असा, की सज्जन माणूस सभेत खोकला दाबतो आहे. मालक ते मोडीत काढणार होते. मास्तरांनी निरोपाची भेट म्हणून तेच मागून घेतलं. जिथे विक्रमच नाही तिथे मोडायचं काय? नुसतं पोहोचलं तरी पुरे.

बायकोने ऐकून घेतलं. तिने शाळेत तीस वर्षं कवायत घेतली होती, त्यामुळे ती थोडक्यात बोले. पाण्याचा पेला घ्यायला जो माणूस उठत नाही, तो वेगाचा विक्रम करणार का, एवढंच तिने विचारलं. मास्तर म्हणाले की धावायचंय इंजिनाला, मी बसलेलाच असणार.

मेहुण्याचं लेथचं वर्कशॉप होतं. त्याने नकाशा बराच वेळ पाहिला.

“भाऊजी, हे मोठं दातेरी चाक या अंगाला कसं? पलीकडे हवं असं वाटतंय.”

“तुला वाटतंय. मी काढलंय.”

बहिणीच्या नवऱ्याशी वाद नको, म्हणून त्याने नकाशाबरहुकूम चाक बसवलं.

मंडळाने जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर दहा ते अकरा ही वेळ दिली. त्या तासात एकदा जायचं, एकदा यायचं, दोन्हींची सरासरी तो वेग. सुरुवातीच्या रेषेमागे टेबल मांडून चिटणीस बसले होते. मेहुण्याने हँडल मारलं, इंजिन खोकलं, धूर निघाला. मास्तरांनी समोर नजर लावून दांडा ओढला.

गाडी मागे निघाली.

वेग बेताचा होता. चिटणीस उठले, खुर्ची उचलून बाजूला झाले आणि पुन्हा बसले. टेबलाला तेवढं सुचलं नाही. टेबल, नोंदवही आणि छत्री यांच्यावरून जाऊन गाडी गवतात थांबली.

मेहुण्याने खिशातून नकाशा काढला, उन्हात धरला, आणि मग तो मागून पाहिला. मागून सगळं बरोबर होतं. मास्तरांनीही मागून पाहिलं. कागदावर जे सुलट उमटायला हवं ते उलटं बांधायचं, एवढंच त्यांचा हात जन्मभर शिकला होता. त्याने इमानाने तेच केलं होतं. चाक उलट्या अंगाला बसलं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दातेरी चाकाची पेटी उघडून ते पलीकडे बसवायला चार तास लागले असते. हातात पन्नास मिनिटं होती.

“रेघच बरी होती,” मास्तर म्हणाले आणि गाडीच्या फळीवर बसून राहिले.

“उठा,” बायको म्हणाली. “मागे जाते ना? मग मागेच जाऊ.”

चिटणिसांनी नियम चाळले. गाडीचं कुठलं टोक पुढे हवं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आठ जणांनी गाडी उचलून फिरवली. मास्तरांना मागचं काही दिसणार नव्हतं, म्हणून बायको गाडीच्या शेपटावर उशी ठेवून, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली. मेहुणा घाबरला. ताईचं डावं ते भाऊजींचं उजवं, धांदलीत हे लक्षात कसं राहणार?

पण तिने कवायतीच्या आवाजात “डावीकडे” म्हटलं, की मास्तरांचे हात आपसूक उजवीकडे वळत. विचार करावाच लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी त्यांच्याच लिपीत काहीतरी सांगत होतं. एक कुत्रा अर्ध्या वाटेपर्यंत सोबत धावला आणि कंटाळून बसला. पुन्हा आठ जणांनी गाडी फिरवली. अकराला चार मिनिटं असताना ते परत आले. सरासरी, ताशी एकोणतीस किलोमीटर.

आठवड्याने चिटणीस नव्या पुस्तकाचा मजकूर घेऊन छापखान्यात आले. मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी ‘स्थिर इंजिन’ची ओळ शोधली. रेघ गेली होती. चालकाच्या रकान्यात बायकोचं नाव होतं.

चिटणीस खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नियम अकरा. चालक म्हणजे मार्गाकडे तोंड करून बसलेली आणि दिशा ठरवणारी व्यक्ती. तुम्हीच जुळवलाय, मास्तर.”

सदतीस वेळा जुळवला होता. मास्तरांनी मान हलवली, आणि बायकोच्या नावासाठी न झिजलेले खिळे वेचायला घेतले. एरवी चार मिनिटांत होणाऱ्या ओळीला त्यांनी पाऊण तास लावला.

संध्याकाळी कच्चं पान घरी आणलं. बायकोने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

“अहो, यात तुम्ही कुठे आहात?”

मास्तरांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. वजन, चालक सोडून : सातशे चाळीस किलो.

“यातले बावन्न माझे.”

तिने पुन्हा पानाकडे पाहिलं.

“चोपन्न,” ती म्हणाली. “भरपेट न्याहारी करून निघाला होतात.”