स्वयंपाकघरातली वीट

आजोबांचं घर दुरुस्त करताना बहमनने जुनं सगळं ठेवलं आणि नवं सगळं लपवलं. फ्रिज कोरीव कपाटात गेला, गीझर धान्याच्या कोठीत. राहिला स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा. भिंतीत एक वीट सैल दिसली. ती उपटली तर मागे बादगीराची, म्हणजे गच्चीवरच्या वाऱ्याच्या मनोऱ्याची, पोकळी निघाली. याच पोकळीतून गच्चीवरचा वारा खाली बैठकीत उतरतो. पंखा तिथे बसवला आणि बहमनला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आता फक्त उस्ताद रजबअलींची सही हवी होती. यझद शहरातला हा सगळ्यात म्हातारा गवंडी. 'मूळ स्वरूप जपले आहे काय?' या रकान्यात त्यांनी लिहिल्याशिवाय वारसा कार्यालय राहायची परवानगी देत नव्हतं. परवानगी नाही, तर सासूच्या दोन खोल्या. तिथे बहमनने आठ महिने काढले होते.

उस्ताद आले, बैठकीत बसले. चहा नको म्हणाले. रीतच ती, बहमनने पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले. तेवढ्यात बादगीरातून वाऱ्याबरोबर तळलेल्या कांद्याचा धूर उस्तादांच्या दाढीत उतरला. बहमन धावत आत गेला आणि त्याने पंखा बंद केला. घर एकदम शांत झालं.

"म्हातारा तीनदा नको म्हणणार, मग सहा कप ढोसणार," तो बायकोला, फरंगीसला म्हणाला. "मिठाई गेल्या आठवड्यातली काढ. दात नाहीत त्याला, काय कळतंय."

"अहो, हळू बोला."

"बहिरा आहे तो. मातीच्या लिंपणामागे सिमेंट आहे, तेसुद्धा त्याला कळलेलं नाही."

तो ताट घेऊन बाहेर आला. उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "कशाला त्रास घेतलास, बाळ? मला दात नाहीत. ताजं काय, शिळं काय, सारखंच. आणि चहा एकच दे. सहा झेपत नाहीत."

बहमनला वाटलं, योगायोग. माणसाला दुसरं काही वाटून घ्यायचं नसलं, की योगायोग वाटतो. त्याने चहा ओतला. इतक्यात छतातल्या बादगीरातून, आत एकटीच पुटपुटणाऱ्या फरंगीसचा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलावं तसा, "म्हणे बहिरा आहे! शिळी मिठाई दिल्याची मलाच लाज वाटते, ताजी आणते."

चहा कपातून बशीत आला, बशीतून गालिच्यावर. बहमन ओततच राहिला.

"मी बहिरा नाही," उस्ताद शांतपणे म्हणाले. "कानामागे हात धरला की लोक मोठ्याने बोलतात. सोयीचं पडतं."

ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. फरंगीसने पदार्थ झाकायचा सोडून स्वतःचं तोंड झाकलं. उस्तादांनी पंख्यामागच्या भोकावरून बोट फिरवलं.

"इथली वीट कोणी काढली?"

"मी," बहमन म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो त्या घरात पहिल्यांदाच बोलत होता.

"ती मी बसवली होती. तुझ्या आजोबांनी इथेच उभं राहून मला गाढव म्हटलं, आणि मी तिकडे बैठकीत त्यांचेच खजूर खात होतो. सगळं ऐकू आल्याचं कळल्यावर बिचारे आठवडाभर माझ्यासमोर आले नाहीत. मग निरोप धाडला, भोक बुजव."

बहमनने मान खाली घातली. जमिनीच्या फरशाही जुन्याच होत्या. आजोबांनीही बहुधा याच पाहिल्या असाव्यात.

उस्तादांनी अर्ज मागितला, ओट्यावर ठेवला आणि सावकाश लिहिलं. खाली सही केली. जाताना शिळ्या मिठाईचे दोन तुकडे रुमालात बांधून घेतले, यजमानाला वाईट वाटू नये म्हणून.

बहमनने रकाना वाचला. 'मूळ स्वरूप जपले आहे काय?' त्यापुढे लिहिलं होतं, 'घराचं, सिमेंट खरवडून काढल्यावर. घरमालकाचं, संपूर्ण.'

तो कागद कार्यालयात त्यालाच नेऊन द्यायचा होता. तिथला कारकून प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचून घेतो.